कुसळ खरंच असतं, तरीही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला ताई. थोडक्यात असा, की तुमच्या प्रार्थनागटातली एक बहीण नवऱ्यापासून वेगळी राहायला लागली, गटात सगळ्यांनी आपापली मतं मांडली, तुम्हीही मांडलीत, आणि चार दिवसांनी बायबलातला मत्तय 7 (येशूचं 'दोष काढू नका' हे वचन तिथलंच) वाचताना तुमच्या पोटात खड्डा पडला. आता तुम्हाला विचारायचंय की 'दोष काढू नका' म्हणजे चुकीला चूक म्हणायचंच नाही का, आणि तोंड बंद ठेवलं तरी मनात जे चालतं त्याचं काय करायचं. मी 27 वर्षं पाळक म्हणून काम केलं, त्यातला निम्मा वेळ तरी लोकांच्या घरातली भांडणं ऐकण्यात आणि समुपदेशनात गेला, त्यामुळे या विषयावर माझ्याकडे उपदेशापेक्षा स्वतःच्या चुकाच जास्त आहेत. त्यातली एक पुढे सांगतोच.

आधी वचन नीट बघू, कारण हे वचन फार वापरलं जातं आणि बहुतेक वेळा ढाल म्हणून. ज्याने बायबल कधी उघडलेलं नाही त्यालाही हे एक वाक्य माहीत असतं, आणि कुणी आपल्याला काही सांगायला आलं की लगेच आठवतं, आपण दुसऱ्याबद्दल बोलत असताना मात्र नेमकं आठवत नाही. मराठी बायबलात एका भाषांतरात 'दोष काढू नका' आहे, दुसऱ्यात 'न्याय करू नका' आहे. मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनो', आणि ते भलतंच ऐसपैस आहे, निवडणं, वेगळं करणं, मत बनवणं, निकाल देणं, शिक्षा ठोठावणं, हे सगळं त्यात येतं. क्रायसिस आणि क्रिटिक हे शब्दसुद्धा त्याच मुळाचे. म्हणजे नुसत्या शब्दावरून काही ठरत नाही, आजूबाजूला काय लिहिलंय ते बघावं लागतं.

आणि आजूबाजूला बघितलं तर गंमत आहे. पहिल्या ओवीत दोष काढू नका, आणि सहाव्या ओवीत पवित्र वस्तू कुत्र्यांना घालू नका, मोती डुकरांपुढे टाकू नका. आता कोण कुत्रं कोण डुक्कर हे ठरवल्याशिवाय हे पाळणार कसं? पुढे पंधराव्या ओवीपासून खोट्या संदेष्ट्यांबद्दल आहे, मेंढरांचं कातडं पांघरून येतात, त्यांच्या फळांवरून त्यांना ओळखा. योहान 7:24 मध्ये तर येशू सरळ म्हणतो की वरवर बघून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. म्हणजे डोळे मिटून बसा असं कुठेच नाहीये. आणि लूकने हाच उपदेश सहाव्या अध्यायात लिहिलाय, तिथे 'न्याय करू नका'च्या लगेच पुढे 'दोषी ठरवू नका' आहे आणि त्याच्या पुढे 'क्षमा करा'. तिथे अर्थ उघड होतो. पारख करण्याला मनाई नाही, मनाई आहे ती निकाल देऊन फाइल बंद करण्याला. ती अशीच आहे, तो तसलाच आहे, विषय संपला, हे जे आहे ना, ते.

ही काही येशूने एकट्याने आकाशातून आणलेली कल्पना नव्हे हेही सांगून ठेवतो, कारण आपल्यात परूशी (येशूच्या काळातले नियमाला कडक असलेले यहुदी) आणि सगळे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, हे खलनायक अशी एक समजूत असते (आणि तोही एक न्यायच आहे). रब्बी हिल्लेल यांचं वचन यहुदी परंपरेत जपलेलं आहे की दुसऱ्याच्या जागी जाऊन पोचल्याशिवाय त्याचा न्याय करू नकोस. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात तर रब्बी तारफोन वैतागून म्हणतात की आजकाल कुणाला सांगितलं तुझ्यातली काडी काढ, तर तो उलट म्हणतो तू आधी तुझं लाकूड काढ. म्हणजे काडी आणि लाकडाची ती भाषा त्या लोकांत चालत होती. फरक एवढाच की तारफोन यांची तक्रार ऐकून न घेणाऱ्याबद्दल आहे आणि येशूचं बोट सांगायला जाणाऱ्याकडे आहे.

आता त्याच अध्यायातलं ते कुसळ आणि मुसळ, भावाच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते. मराठीत हे इतकं मुरलंय की लोकांना ती म्हणच वाटते. भाषांतर करणाऱ्याला मी मनातल्या मनात नेहमी दाद देतो, कारण ग्रीकमधला 'कार्फोस' म्हणजे वाळलेल्या काडीचा, भुश्याचा कण, आणि कुसळ अगदी तसंच असतं, बारीक, टोकदार, सलणारं. दुसरा शब्द 'दोकोस' मात्र मुसळापेक्षाही दांडगा आहे, घराच्या छताला लावतात ती तुळई. तुळई डोळ्यात घेऊन माणूस दुसऱ्याच्या डोळ्यात वाकून बघतोय! सांगणारा स्वतः सुताराचं काम केलेला होता, भुसा डोळ्यात गेला की काय होतं हे त्याला पाठ असणार, आणि ऐकणारे तेव्हा नक्की हसले असतील. आपण उपासनेत हे इतक्या गंभीर चेहऱ्याने वाचतो की विनोदच मरतो.

पण मला या चित्रातली एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, जी मला स्वतःला कळायला फार वर्षं लागली.

या विषयावर आपण ज्या गोष्टी ऐकतो ना, उपदेशात, पुस्तकात, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये, त्या सगळ्यांचा शेवट ठरलेला असतो. कुणीतरी कुणाबद्दल वाईट मत करून घेतो आणि शेवटी कळतं की तो माणूस निर्दोष होता. मुलं गोंधळ घालत होती कारण त्यांची आई नुकतीच वारली होती, वगैरे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी. आणि आपण काय शिकतो, तर 'न्याय करू नका कारण तुमचा अंदाज चुकलेला असू शकतो'. खरं आहे, चुकलेला असू शकतो. पण मग अंदाज बरोबर निघाला तर? तर मोकळीक मिळाली का? येशू असं म्हणत नाही की तुझ्या भावाच्या डोळ्यात कुसळ नाहीच, तुला भास झाला. कुसळ आहे. त्याला सलतंय. ते काढायचंही आहे, पाचव्या ओवीचा शेवटच तो आहे, आधी तुझं मुसळ काढ म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे ही आज्ञा निर्दोष माणसाला वाचवण्यासाठीच नाहीये, दोषी माणसाशी कसं वागायचं याचीही आहे. किंबहुना त्याचीच जास्त.

माझी चूक इथलीच. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक गृहस्थ होते, वाद्य छान वाजवायचे. तीन-चार रविवार ओळीने मला त्यांच्याजवळून गेल्यावर दारूचा वास आला, सकाळी सकाळी. मी त्यांना काही बोललो नाही. मी बोललो कमिटीतल्या दोघांशी, अगदी काळजीच्या सुरात, की जरा लक्ष ठेवायला हवं. त्या दोघांनी लक्ष ठेवलं. लक्ष ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच, कुणी तोंडाने काही म्हणत नाही पण त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली, बायका मुलांना दुसऱ्या बाजूला बसवायला लागल्या, आणि एका रविवारी वाजवायला दुसराच मुलगा बसला. ते यायचे थांबले. माझा अंदाज शंभर टक्के बरोबर होता, ते पीत होते. दोनेक वर्षांनी एका अंत्यविधीला भेटले तेव्हा मला म्हणाले, पाळकसाहेब, मी पितो हे मला माहीत होतंच की, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, दर रविवारी आज विचारतील म्हणूनच येत होतो. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून मी हल्ली कुणालाही 'तुझा समज चुकीचा असेल' एवढंच सांगत नाही. समज बरोबर असूनही मी त्या माणसाच्या डोळ्यापर्यंत गेलोच नाही, लांबूनच बोट दाखवलं आणि चार जणांना दाखवलं, तेच चुकलं.

कधी कुणाच्या डोळ्यातला कण खरंच काढलाय का? काढला असेल तर आठवा. माणसाला उजेडात बसवायचं, वर बघ म्हणायचं, पापणी हलक्या बोटाने खाली ओढायची, ओल्या स्वच्छ कपड्याचं टोक. हात थरथरला तर चालत नाही. त्याचा श्वास आपल्या तोंडावर येतो, आपला त्याच्या. तो डोळा मिटणारच, त्याला धीर द्यावा लागतो, थांबावं लागतं, आणि मुख्य म्हणजे त्याने आपल्याला करू दिलं तरच होतं, जबरदस्तीने कुणाच्या डोळ्यात बोट घालता येत नाही. आणि इतक्या जवळून बघताना त्याच्या बुबुळात आपलाच चेहरा बारीकसा दिसतो. येशूने दात, कान, पाय असं काही न निवडता डोळाच का निवडला असेल, यावर मी बरेच उपदेश केलेत, पण मुद्दा एवढाच की डोळा हा सगळ्यात हुळहुळा अवयव आणि तिथे लांबून काम होत नाही.

गलतीकरांस पत्राच्या 6:1 मध्ये प्रेषित पौल, म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा, लिहितो की कुणी दोषात सापडला तर सौम्यपणे त्याला पुन्हा नीट करा. तिथे जे क्रियापद आहे तेच मत्तय 4:21 मध्ये याकोब आणि योहान होडीत बसून आपली जाळी नीट करत होते तिथे आलंय. जाळं फाटलं म्हणून कोळी जाळ्याला शिव्या घालत बसत नाही, मांडीवर घेऊन एकेक गाठ बघतो. त्याला ते परत वापरायचंय.

बरं, 'आधी आपलं मुसळ काढा' हे म्हणायला सोपं, पण आपलं मुसळ आपल्याला दिसतच नाही ही तर अडचण आहे. मुसळ कुठे आहे हे शोधायची माझी एक खूण आहे आणि ती दावीद राजाच्या गोष्टीतून घेतली आहे. 2 शमुवेल 12. दावीदाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मरायला लावलं, आणि नाथान संदेष्टा येऊन त्याला एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगतो जे श्रीमंताने हिसकावून कापलं. दावीद भडकतो, म्हणतो तो मनुष्य मरणदंडाला पात्र आहे, आणि त्याने चौपट भरून द्यावं. आता मोशेच्या नियमशास्त्रात मेंढरू चोरून कापलं तर शिक्षा चौपट भरपाई एवढीच आहे, निर्गम 22 बघा. मरणदंड कुठून आला? तो दावीदाने पदरचा घातला. ज्याच्या हातून खून झालाय त्याला कोकराच्या चोरीला फाशी द्यावीशी वाटली. मग नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. तर खूण ही, की जिथे माझा राग गुन्ह्याच्या मापापेक्षा जास्त निघतो तिथे मी थांबून स्वतःकडे बघतो. मुसळ नेहमी त्याच जातीचं असतं असं नाही, पण बहुतेक वेळा जवळपासच सापडतं. तुम्हाला त्या बहिणीबद्दल नेमकी कशाची चीड आली? तिने नवरा सोडला याची, की आपण इतकी वर्षं सोसलं आणि हिने सोसलं नाही याची? मला उत्तर नकोय, तुम्हीच बघा. कदाचित यातलं काहीच नसेल.

आणि एक साधं कारण आहे जे पापबिप नाही, मनाची रचनाच तशी आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी उशिरा आलो तर ट्रॅफिक होतं, तुम्ही उशिरा आलात तर बेशिस्त आहात. लोक काय करतात याचं कारण आपण त्यांच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थिती विसरतो, या चुकीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये नावही दिलं. पण मला त्याहून झोंबलेला प्रयोग डार्ली आणि बॅटसन यांचा, 1973 साली छापून आलेला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजातले 40 विद्यार्थी, म्हणजे होऊ घातलेले पाळकच. प्रत्येकाला एक छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं, काहींना तर विषयच चांगल्या शोमरोन्याचा दाखला हा दिलेला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या माणसाला एका परक्याने थांबून मदत केल्याची येशूची गोष्ट. वाटेत एक माणूस दारात कोसळून कण्हत, खोकत बसलेला, तो प्रयोगाचाच भाग. ज्यांना सांगितलं होतं की तुम्हाला भरपूर वेळ आहे त्यांच्यातले 63 टक्के थांबले, ज्यांना फार उशीर झालाय म्हणून सांगितलं त्यांच्यातले फक्त 10 टक्के. शोमरोन्यावर भाषण द्यायचं होतं की दुसऱ्या विषयावर, याने म्हणावा तसा फरक पडला नाही. आता न थांबलेल्या एखाद्याला बघून आपण काय म्हटलं असतं? दगडाच्या काळजाचा, ढोंगी, आणि म्हणे पाळक होणार. प्रत्यक्षात त्याला कुणीतरी फक्त सांगितलं होतं की उशीर झालाय. मी हे वाचल्यापासून 'कसला माणूस आहे हा' असं मनात आलं की त्याच्याशेजारी 'याला कुणी काय सांगितलं असेल' हा प्रश्न ठेवायची सवय लावून घेतली. दहातून चार वेळा जमते.

मग चुकीला चूक म्हणायचंच नाही का? म्हणायचं. पण कुणाबद्दल, कुणासमोर आणि कुठल्या बाबतीत, यात पौल फरक करतो आणि तो फरक आपण जवळजवळ नेहमी उलटा करतो.

1 करिंथ 5 मध्ये मंडळीतला एक माणूस उघडपणे आपल्या बापाच्या बायकोबरोबर राहतोय आणि मंडळी त्यात काही वावगं मानत नाही, तिथे पौल सरळ म्हणतो की याला बाहेर काढा. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी म्हणतो की बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आहे, त्यांचा न्याय देव करील. आपण काय करतो? बाहेरच्या लोकांबद्दल, त्यांचे कपडे, त्यांची लग्नं, त्यांचे सण, याबद्दल तासभर बोलतो, आणि मंडळीतल्या पैशाच्या गडबडीबद्दल चिडीचूप. आणि त्या माणसाची गोष्ट तिथे संपत नाही, 2 करिंथ 2 मध्ये पौल लिहितो की अशाला झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो दुःखाने बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पौलाची दिशा त्यातून कळते.

आणि मग रोमकरांस 14. तिथे भांडण आहे खाण्यावरून, कोणता दिवस पाळायचा यावरून. पौल म्हणतो खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. हे शब्द नीट वाचा, दोन वेगळे रोग आहेत. मोकळा माणूस कडक माणसाला हसतो, कडक माणूस मोकळ्याला दोषी ठरवतो. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असं तो विचारतो. माझ्या अनुभवात मंडळीतल्या दहापैकी आठ कुरबुरी या रोमकर 14 च्या असतात आणि आपण त्या 1 करिंथ 5 च्या असल्यासारख्या लढतो. कोण हात वर करून गातो, कोण टिकली लावतो, कोण कुठलं भाषांतर वाचतो. जाऊ दे.

खरोखर कुणी तुमच्याविरुद्ध काही केलं असेल तर मत्तय 18 मध्ये पायऱ्या आहेत, आधी तू आणि तो एकटे, मग एक-दोन साक्षी, मग मंडळी. पहिली पायरी गाळून थेट तिसऱ्या पायरीवर, म्हणजे सगळ्या गटात, जायची आपली पद्धत त्यात कुठेच नाही. आणि त्या पायऱ्या कुठे बसवल्यात ते बघा, त्यांच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि नंतर क्षमा न करणाऱ्या चाकराचा, ज्याला 10,000 तलांत माफ झाले आणि जो 100 दिनारांसाठी दुसऱ्याची मानगूट धरतो. एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दिनार, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. 6 कोटी दिवसांची मजुरी माफ आणि शंभर दिवसांच्या मजुरीसाठी गळा दाबतोय. या दोन दाखल्यांच्या मधून चालत गेल्याशिवाय कुणाला सुधारायला जायचं नाही असंच मत्तयने ठेवलंय.

आता प्रार्थनागटाबद्दल बोलतो आणि थोडं कडू बोलतो. आपल्यात चुगली चुगली म्हणून होत नाही, ती 'प्रार्थनाविषय' म्हणून होते. 'हे फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं' असं वाक्य सुरू झालं की मी आताशा विचारतो, तिने सांगितलंय का हे आपल्याला सांगायला? नसेल तर आपण तिचं नाव घेऊन प्रार्थना करू, तपशील प्रभूला माहीत आहेत. एकदम शांतता पसरते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक आजी माझ्यावर महिनाभर रुसल्या होत्या, नंतर त्याच सगळ्यांना विचारायला लागल्या. तुम्ही हा प्रश्न पुढच्या वेळी गटात विचारून बघा, पण खोचक आवाजात नको, कारण न्याय करणाऱ्यांचा न्याय करणं हा आणखी एक खड्डा आहे. परूशी आणि जकातदाराचा दाखला (त्यात परूशी प्रार्थनेत म्हणतो की मी या जकातदारासारखा नाही म्हणून आभार) वाचून 'देवा, मी त्या परूश्यासारखा नाही म्हणून तुझे आभार' असं मनात आलं की समजावं आपण पडलो त्यात.

मनातल्या विचारांचं विचारलंत. विचार येणारच, तो बटण दाबून बंद होत नाही, आणि 'मी असा विचार केलाच कसा' म्हणून स्वतःला झोडपत बसणं हाही न्यायाधीशाच्या खुर्चीतच बसण्याचा प्रकार आहे, फक्त आरोपी बदलला. पौल 1 करिंथ 4 मध्ये म्हणतो मी स्वतःचाही न्याय करत नाही, प्रभू येईपर्यंत थांबा. मला इजिप्तच्या वाळवंटातल्या चौथ्या शतकातल्या साधूंची एक गोष्ट यात उपयोगी पडते. स्केटिस नावाच्या जागी एका भावाच्या हातून काही अपराध झाला, सगळे न्यायाला जमले आणि अब्बा (म्हणजे बाबा) मोशे नावाच्या साधूंना बोलावणं गेलं. हे अब्बा मोशे आधी दरोडेखोर होते. ते यायला तयार नव्हते, फार आग्रह झाला तेव्हा पाण्याने भरलेलं गळकं भांडं पाठीवर घेऊन आले. लोकांनी विचारलं हे काय, तर म्हणाले, माझी पापं माझ्या पाठीमागे गळतायत, मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्या भावाला कुणी काही बोललं नाही, सोडून दिलं. या गोष्टीत अब्बा मोशे भाषण करत नाहीत, कुणाला वाईट ठरवत नाहीत, आणि त्या भावाने काही केलंच नव्हतं असंही म्हणत नाहीत. मनात कुणाबद्दल निकाल तयार झाला की मी फक्त मागे वळून जमिनीकडे बघतो, किती ओलं झालंय ते. दोन सेकंद लागतात.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट सांगायची आहे आणि इथे मी कुठलीही 'पण' लावणार नाही. मार, धमक्या, लहान मुलांशी गैरवर्तन, पैशाची लूट, असं काही असेल तर 'न्याय करू नका' हे वचन तिथे लागू करायचं नाही. मी हे वचन पीडित बाईला गप्प बसवायला वापरलेलं स्वतः पाहिलंय, 'तू त्याचा न्याय करू नकोस, प्रार्थना कर' असं, आणि ते सांगणारे लोक मनाने वाईट नव्हते. पोलिसांत जाणं, मुलाला त्या घरातून बाहेर काढणं, मंडळीने अशा माणसाला जबाबदारीवरून हटवणं, हे दोष काढणं नव्हे, हे दुबळ्याला वाचवणं आहे. योहान 8 मध्ये व्यभिचारात धरलेल्या बाईला आणतात तेव्हा लेवीय 20:10 प्रमाणे पुरुषालाही आणायला हवं होतं, तो कुठे होता? (हा भाग सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, हे खरं आहे, तरी मंडळीने तो जपून ठेवला याचं मला बरं वाटतं.) दगड हातात घेतलेल्यांना ती एकटीच दिसत होती. येशू तिला दोषी ठरवत नाही आणि 'पुन्हा पाप करू नको' हेही सांगतो, पण ते सगळे निघून गेल्यावर, दोघंच उरल्यावर. चौघांसमोर नाही.

तुमच्या गटातल्या बहिणीने का घर सोडलं ते तुम्हाला माहीत नाही, तुमच्या लिहिण्यावरून तरी कुणालाच माहीत नाही. कदाचित तिच्या घरात असं काही असेल जे ती बोलू शकत नाही. कदाचित नसेल आणि तिची खरंच चूक असेल. दोन्ही बाबतीत तुम्हाला करायचं काम एकच आहे. ज्यांच्याजवळ तुम्ही बोललात त्यांना सांगा की मी बोलले ते मला माहिती नसताना बोलले, लांबलचक माफी नको, एक वाक्य पुरे. मग तिला फोन करा, भेटायला येऊ का विचारा, आणि ती हो म्हणाली तर एकट्या जा, बरोबर कुणाला घेऊ नका, वचन छापलेलं कार्ड तर अजिबात नको. तुम्ही काय बोललात ते तिच्या कानावर गेलं असेल तर कबूल करा. गेलं नसेल तर स्वतःचं मन हलकं करायला तिच्यावर ते ओझं टाकू नका. नवऱ्याचा विषय तुम्ही काढायचा नाही. तिने काढला तर ऐका, मधे सल्ला देऊ नका, आणि मारहाणीचं काही निघालं तर एवढंच विचारा की आज रात्री तू सुरक्षित आहेस का, पुढचं दोघी मिळून ठरवा.

ती नको म्हणाली तर पंधरा दिवसांनी परत विचारा. आणि ती नको म्हणाली हे गटात सांगू नका.